ईथर्स जेएस शिकायला बसताय? या चुका टाळा

ईथर्स जेएस म्हणजे जावास्क्रिप्टमधून इथेरियम ब्लॉकचेनशी बोलायची लायब्ररी. क्रिप्टोची लायब्ररी म्हटलं की लोकांना वाटतं आता डिजिटल सह्यांमागचं एलिप्टिक कर्व्हचं गणित मानगुटीवर बसणार. अहो, ते सगळं लायब्ररी आतल्या आत उरकते, नवीन माणूस अडकतो तो व्हर्जन, रक्कम आणि नेटवर्क असल्या साध्या गोष्टींत.

जुना व्हिडिओ बघून कोड उतरवला की पहिल्याच ओळीला एरर, जेसनआरपीसीप्रोव्हायडर (नेटवर्कशी जोडून देणारा ऑब्जेक्ट) सापडत नाही म्हणे. तुमचं काही चुकलेलं नसतं, व्हिडिओ व्हर्जन 5 चा असतो आणि एनपीएमने (जावास्क्रिप्टची पॅकेजं उतरवणारं साधन) तुम्हाला 6 दिलेलं असतं. 6 मध्ये प्रोव्हायडर्स आणि युटिल्स ही मधली नावं गेली, वेब3प्रोव्हायडरचं ब्राउझरप्रोव्हायडर झालं, गेटसायनरला (सही करणारं खातं देणारं फंक्शन) अवेट लागतो. म्हणून आधी पॅकेज डॉट जेसनमध्ये आकडा बघा, मग डोकं आपटा.

आता रक्कम, इथेच खरा घोळ होतो. 1 इथर म्हणजे 10 चा 18 वा घात इतके वेई (इथरचं सगळ्यात छोटं एकक), आणि जावास्क्रिप्टचा साधा नंबर 9007199254740991 पर्यंतच नेमका राहतो, म्हणजे इथरचा शंभरावा भागसुद्धा त्यात पुरता मावत नाही. म्हणून व्हर्जन 6 सगळीकडे बिगइंट (कितीही मोठा पूर्णांक नेमका ठेवणारा प्रकार) देतं. मग बिगइंट आणि नंबर मिसळू नका असा एरर येतो आणि लोक काय करतात तर नंबरमध्ये बदलून त्याला गप्प करतात, ही घोडचूक, कारण एरर जातो पण शेवटचे आकडेही गुपचूप बदलतात. टोकनचं तर अजून वेगळं, इथेरियमवर यूएसडीसी या डॉलरशी बांधलेल्या टोकनला 6 च डेसिमल्स (दशांश स्थळं) आहेत, तिथे 18 स्थळं धरणारं पार्सइथर लावलंत तर रक्कम 10 च्या 12 व्या घाताइतक्या पटीने फुगते. पार्सयुनिट्स वापरा आणि डेसिमल्स टोकनच्या कॉन्ट्रॅक्टलाच विचारा.

फॉसेटमधून (सरावासाठी फुकट टेस्ट इथर देणारी साइट) पैसे आले तरी बॅलन्स शून्य? आरपीसीचा, म्हणजे तुमचा कोड ज्या नोडशी बोलतो त्याचा, पत्ता दुसऱ्याच नेटवर्कचा असणार. चेन आयडी (नेटवर्कचा क्रमांक) प्रिंट करून बघा, सेपोलिया या टेस्टनेटचा, म्हणजे सरावाच्या नेटवर्कचा, 11155111 आहे. रॉप्स्टेन, रिंकबी, गोअर्ली ही नावं ज्या लेखात दिसतील तो लेख सरळ बंद करा, ती टेस्टनेट्स कधीच बंद झाली.

प्रायव्हेट की (वॉलेटमधले पैसे हलवायची गुप्त किल्ली) कोडमध्ये लिहू नका हे सगळे सांगतात, पण एकदा कॉमिट झाली की फाइल उडवूनही ती गिटच्या हिस्टरीत राहते हे कमी जण सांगतात. पुश झाली असेल तर ती की गेली समजा आणि पैसे नव्या वॉलेटमध्ये हलवा. शिकायला वॉलेट वेगळंच ठेवा, कारण धोका फक्त तुमच्या कोडचा नसतो: डिसेंबर 2024 मध्ये सोलाना या दुसऱ्या ब्लॉकचेनच्या वेब3 जेएस पॅकेजच्या 1.95.6 आणि 1.95.7 या व्हर्जन्समध्ये की चोरणारा कोड घुसवला गेला होता. लॉकफाइल (पॅकेजांची नेमकी व्हर्जन्स नोंदवणारी फाइल) कॉमिट करा, अपडेट आंधळेपणाने मारू नका.

आणि हॅश (ट्रान्झॅक्शनचा ओळख क्रमांक) मिळाला म्हणजे ट्रान्झॅक्शन झालं असं नाही, वेट कॉल करून रिसीट (ते ब्लॉकमध्ये गेल्याची पावती) घ्या. पेंडिंगमध्ये अडकलंच तर नवीन पाठवत बसू नका, ती सगळी त्याच्या मागे रांगेत लागतात. तोच नॉन्स (खात्याच्या ट्रान्झॅक्शनचा अनुक्रमांक) ठेवून पुन्हा पाठवा, फी मात्र निदान 10 टक्के वाढवून, आणि प्रायॉरिटी फी (व्हॅलिडेटरला द्यायची टिप) पण, नुसती मॅक्स फी (एकूण फीची कमाल मर्यादा) वाढवलीत तर रिप्लेसमेंट अंडरप्राइस्ड, म्हणजे बदली ट्रान्झॅक्शनची फी कमी पडली, म्हणून परत येईल.