फ्लॅटवर राहून घरचं खायचंय? मग या चुका टाळा

सेकंड इयरला आम्ही चौघं हॉस्टेल सोडून पुण्यात नऱ्ह्याला फ्लॅटवर आलो तेव्हा उत्साह एवढा होता की पहिल्याच रविवारी इंडक्शन, कुकर, कढई, पोळपाट-लाटणं, एवढंच काय खलबत्तासुद्धा आणला. पहिल्या दिवशी पावभाजी झाली, दुसऱ्या दिवशी छोले, तिसऱ्या दिवशी "आज कंटाळा आलाय यार", आणि आठवडा संपायच्या आत सगळे परत मेसच्या रांगेत, बेसिनमध्ये छोल्यांची कढई तशीच आणि तिच्यावर पांढरी बुरशी. सगळ्यांचं म्हणणं एकच, कॉलेज करून वेळच नाही मिळत.

मग एका रात्री मी गंमत म्हणून मोबाईलवर वेळ लिहून ठेवली. पिठलं-भात. सुरुवात ८:४०, ताटं ९:५० ला. म्हणजे सत्तर मिनिटं, आणि त्यात इंडक्शन चालू होतं फक्त पंचवीस मिनिटं! बाकी वेळ कुठे गेला तर काय करायचं यावर वीस मिनिटं चर्चा, सकाळचा कुकर घासण्यात दहा, कोथिंबीर आणायला खाली जाऊन टपरीवर चहा पिऊन येण्यात दहा, उरलेली पाच सुरी शोधण्यात (बेडखाली सापडली, कुणीतरी पार्सल फोडायला नेली होती). म्हणजे स्वयंपाकाला वेळ लागतच नव्हता, स्वयंपाकाच्या आधीच सगळा जात होता. खालच्या बहुतेक चुका त्यातल्याच आहेत, आणि सगळ्या आम्ही केलेल्या आहेत.

भूक लागल्यावर ठरवणं

ही सगळ्यात मोठी. रात्री साडेआठला पोटात कावळे ओरडत असताना "काय करूया" विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, ऑर्डर करूया. त्यामुळे आम्ही कॉलेजचं टाइमटेबल असतं तसं जेवणाचं पण करून फ्रीजवर चिकटवलं. ज्या दिवशी प्रॅक्टिकल साडेपाचपर्यंत त्या दिवशी मुगाची खिचडी, त्यावर चर्चा नाही. लवकर सुटतो त्या दिवशी भाजी. गुरुवारी उसळ, कारण बुधवारी सकाळी मटकी भिजत घालायची, रात्री उपसून फडक्यात बांधायची आणि गुरुवारी संध्याकाळी मोड तयार. भिजवायला दोन मिनिटं लागतात फक्त ती आदल्या दिवशीची दोन मिनिटं असतात, तिथेच सगळे फसतात.

पोळ्यांपासून सुरुवात करणं

आईला व्हिडीओ कॉल लावून कणीक मळायची, मग ती सैल होणार, मग पीठ घालणार, मग घट्ट होणार, मग पाणी, शेवटी चौघांची कणीक आठ जणांची होते आणि पोळी लाटून होते महाराष्ट्राच्या नकाशासारखी. शिका, पण सुट्टीच्या दिवशी. कॉलेजच्या दिवशी पोळ्या पोळी-भाजी केंद्रातून आणा, पुण्यात गल्लोगल्ली आहेत. वरण-भाजी घरची आणि पोळी विकतची यात काही कमीपणा नाही. मला विचाराल तर नवख्या माणसाने पहिले दोन महिने भातावरच राहावं.

कुकरमध्ये एकच गोष्ट लावणं

आधी डाळ, मग ती काढून भात, मग बटाटे, असं तीनदा कुकर लावणारे मी डोळ्यांनी पाहिलेत. पाच लिटरचा कुकर आणि त्यात बसणारे दोन डबे घ्या. तळाला दीड-दोन ग्लास पाणी, खालच्या डब्यात डाळ (एक वाटीला अडीच वाटी पाणी, हळद, हिंग, थोडं तेल), वरच्या डब्यात तांदूळ (एकाला दोन), आणि डब्यांच्या बाजूला जागा असेल तिथे एक-दोन बटाटे खोचून द्या, दुसऱ्या दिवशीची भाजी झाली. इंडक्शनला टायमर असतो तो लावा आणि तेवढ्यात अंघोळ उरका. गॅस असेल तर मात्र कुकर लावून अंघोळीला जाऊ नका, आमच्या शेजारच्या फ्लॅटवाल्यांच्या डाळीचा कोळसा झालेला.

आता कुकर-इंडक्शनच्या तक्रारी, कारण निम्मे लोक इथेच वैतागून सोडून देतात.

डाळ शिजतच नाही. नऱ्हे-धायरीकडे टँकरचं नाहीतर बोअरचं पाणी असतं, पाणी जड असलं की तूरडाळ दाताखाली येते. डाळ अर्धा तास भिजवा, पिण्याच्या फिल्टरचं पाणी वापरा, आणि मीठ, टोमॅटो, चिंच, आमसूल हे सगळं डाळ शिजल्यावरच. आम्ही महिनाभर टोमॅटो आधी घालून कुकरला शिव्या घालत होतो. तरी नाहीच जमलं तर मुगाची डाळ आणा, ती पटकन शिजते.

शिट्टीच होत नाही, बाजूनेच वाफ जाते. रिंग सैल पडलीय. दहा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवून लावा, त्या दिवसापुरतं काम होतं, पण नवी आणाच. शिट्टीतून पिवळं पाणी उडत असेल तर डाळ जास्त झालीय. थेट कुकरमध्ये डाळ शिजवताना पाण्यासकट अर्ध्याच्या वर भरायचं नाही.

इंडक्शन नुसतं बीप बीप करतं. भांड्याच्या बुडाला लोहचुंबक लावून बघा. चिकटला नाही तर ते भांडं त्यावर चालणार नाही. आईने प्रेमाने दिलेला ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शन बेसचा नसेल तर परत पाठवावा लागतो, आमचा गेला.

आणि हे नीट वाचा. इंडक्शनच्या मोठ्या पिनच्या प्लगला कन्व्हर्टर लावून तो टेबलजवळच्या लहान सॉकेटमध्ये बसवायचा नाही. २००० वॉटचं इंडक्शन फुल्लवर जवळपास पावणेनऊ अँपिअर खेचतं आणि ते लहान सॉकेट असतं ६ अँपिअरचं. आमचं सॉकेट काळं पडलं, वितळल्याचा वास सुटला तेव्हा कळलं. १६ अँपिअरचा पॉइंट बहुतेक गीझर नाहीतर फ्रीजपाशी असतो, गैरसोय होते, होऊ दे. आणि गीझर चालू असताना इंडक्शन लावलं की ट्रिप होत असेल तर अंघोळी आधी उरका, मग कुकर, वरचं माझं टायमरवालं गणित तुमच्याकडे चालणार नाही.

रविवारी सात दिवसांचं करून ठेवणं

रीलमध्ये बघून आम्ही पण सात डबे भरले होते. बुधवारी भाजीला वास आला, गुरुवारी खायची कुणाची इच्छा नव्हती. पूर्ण भाज्या करून ठेवू नका, अर्धवट तयारी करून ठेवा. आलं-लसणाचं वाटण मीठ आणि तेल घालून, शेंगदाण्याचा कूट, आणि कांदा-टोमॅटो तेल सुटेपर्यंत परतून गार करून डब्यात, फ्रीजमध्ये चार-पाच दिवस आरामात राहतो. तो मसाला दोन चमचे कढईत टाकला की उसळ, अंडाकरी, बटाट्याचा रस्सा काहीही पंधरा मिनिटांत होतं, कारण चिरणं आणि परतणं हाच वेळखाऊ भाग असतो.

भाताचं मात्र वेगळं. रात्रीचा भात कुकरमध्येच ओट्यावर ठेवून सकाळी फोडणी द्यायची सवय सगळ्यांनाच असते. शिजलेला भात गरम हवेत तासन् तास राहिला की त्यात बॅसिलस सेरिअस नावाचे जिवाणू वाढून विष तयार करू शकतात, आणि ते विष परत गरम केल्याने जात नाही. फोडणीचा भात खा ना, मी पण खातो, फक्त भात रात्रीच पसरून गार करून तास-दीड तासात फ्रीजमध्ये टाका. फ्रीज नसेल तर मोजूनच लावा. आणि राजमा करणार असाल तर रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, कुकरला चांगला मऊ शिजवा, अर्धा कच्चा राजमा खाऊन पोट बिघडतं.

मंडईत गेलो म्हणून सगळंच घेणं

स्वस्त दिसतं म्हणून दोन किलो टोमॅटो आणि कोथिंबिरीच्या तीन जुड्या, चौथ्या दिवशी काळा चिखल. पाव-पाव किलोने घ्या. कोथिंबीर न धुता निवडून कागदात गुंडाळून डब्यात, मिरच्यांचे देठ काढून. कांदे-बटाटे एका टोपलीत ठेवू नका, बटाट्यांना कोंब येतात.

घरात दहा मिनिटांचं काहीच नसणं

प्लॅन कितीही केला तरी एखादा दिवस मोडतोच. माझी आई लातूरहून ट्रॅव्हल्सने येसर पाठवते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, भाजलेल्या धान्याचं मसाला घातलेलं पीठ असतं ते. लसणाची फोडणी द्यायची, पाण्यात कालवलेलं दोन चमचे येसर ओतायचं, मीठ घालून सात-आठ मिनिटं उकळलं की आमटी. सांगलीचा रूममेट पहिल्यांदा नाक मुरडत होता, आता माझ्याआधी तोच डबा उघडतो. येसर नसेल तर बेसन आहेच, फक्त पीठ थेट उकळत्या पाण्यात भुरभुरू नका, नवख्या हाताला गुठळ्या होणारच. आधी गार पाण्यात कालवून घ्या, मग फोडणीत ओता आणि हलवत राहा. याशिवाय मेतकूट, शेंगाचटणी आणि सहा अंडी एवढं घरात असू द्या.

भांड्यांचं काही न ठरवणं

आमची भांडणं स्वयंपाकावरून कधीच झाली नाहीत, भांड्यांवरून झाली. एकाने तर राग येऊन कुकरच कपाटात कुलूप लावून ठेवला होता दोन दिवस. आता नियम आहे, जो करेल तो घासणार नाही, पण कढई रिकामी झाली की त्यात पाणी घालायचं काम त्याचंच. वाळलेलं पिठलं घासायला पिठलं करण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

सबमिशनच्या आठवड्यात स्वयंपाकाचा हट्ट करू नका. सरळ मेसला जा, रात्री लागलाच तर भात-मेतकूट-तूप. फक्त कुकर बंद करून ठेवण्याआधी धुऊन पुसून झाकणाची रिंग काढून ठेवा, आम्ही एकदा तसाच झाकण लावून ठेवला आणि आठ दिवसांनी उघडला, त्यानंतर तीन वेळा लिंबू घासूनही त्या रिंगचा वास गेला नाही, शेवटी नवीच आणली.