शेवटचं कधी जेवली होती?

मानसोपचारात यंदा एमडीला लागलेल्या मित्रमैत्रिणींनो, जेआर-वन (पहिल्या वर्षाची निवासी डॉक्टरकी) असताना माझ्या हातून निसटता निसटता राहिलेली ही केस.

चाळिशीतली बाई, सोबत नवरा आणि सासू. पहाटे उठून कुणाला ओळखत नाही, काहीतरी बरळते, घामाने निथळते आणि नंतर तिला काहीच आठवत नाही. अंगात येतं म्हणून देवऋषी करून झाला होता. जुन्या कागदांवर ‘डिसोसिएटिव्ह’, म्हणजे मनाच्या ताणातून भान हरपणं, असं लिहिलेलं होतं आणि घरात कुरबुरीही होत्याच. मीसुद्धा केस पेपरवर तेच उतरवायला घेतलं. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, “कडक उपास धरला की हमखास होतं बघा. साखरपाणी पाजलं की दहा मिनिटांत ताळ्यावर येते.”

शेजारी बसलेल्या सिनियर मॅडमनी मान वर केली. “वजन वाढलंय?” वर्षभरात सात किलो वाढलं होतं. खाल्लं की बरं वाटतं म्हणून बाई सारखं काहीबाही तोंडात टाकायची. दुसऱ्या पहाटे वॉर्डात तिला झटका आला तेव्हा ग्लुकोमीटरवर साखर फक्त ३८ होती.

इन्सुलिनोमा ही स्वादुपिंडातली गाठ, बहुधा दोन सेंटिमीटरपेक्षाही लहान आणि दहातल्या नऊ जणांत साधी, म्हणजे कॅन्सरची नसलेली. रक्तातली साखर उतरली तरी ती इन्सुलिन सोडत राहते आणि मेंदू उपाशी पडतो. मग माणूस चिडतो, भ्रमिष्टासारखा वागतो, कधी आकडीही येते. त्रास होताना साखर कमी आणि साखर दिल्यावर आराम, ही व्हिपलची त्रयी. सासूबाईंनी ती जवळपास पूर्ण सांगितली होती. पुढे देखरेखीखाली ७२ तासांपर्यंत उपाशी ठेवतात आणि साखर ५५ च्या खाली गेली की इन्सुलिन व सी-पेप्टाइडसाठी (शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हा सोबत सुटणारा घटक) रक्त घेतात. मधुमेहाची गोळी पोटात गेली नाही ना, हेही तपासतात. कॅज्युअल्टीत अशी रुग्ण आली तर डेक्स्ट्रोज (शिरेतून द्यायची साखर) सोडण्याआधी रक्त काढून ठेवा, नाहीतर पुरावाच वाहून जातो. मात्र शीर सापडत नसेल तर नमुन्यासाठी साखर अडवू नका.

आणखी दोन गोष्टी ध्यानात असू द्या. औषधांना दाद न देणारं नैराश्य, पोटावर रुंद जांभळे चट्टे आणि हात टेकल्याशिवाय उठता न येणं असेल तर कुशिंग (शरीरात कॉर्टिसोल हार्मोन जास्त होण्याचा आजार) आठवा. पॅनिकसारख्या झटक्यात डोकं ठणकत असेल, घाम फुटत असेल, धडधड होत असेल, तर झटका चालू असतानाच बीपी मोजा. ती फिओक्रोमोसायटोमा (ॲड्रेनलिनसारखी हार्मोन्स सोडणारी गाठ) असेल आणि तुम्ही ट्रायसायक्लिक गटातलं नैराश्याचं औषध सुरू केलंत तर बीपी भडकू शकतं. अर्थात हे आजार दुर्मीळ आहेत, सगळ्यांनाच स्कॅनला पाठवायचं नाही. झटका किती वाजता येतो, त्याआधी काय खाल्लं होतं आणि कशाने उतरतो, एवढं विचारायला पैसे पडत नाहीत.

त्या बाईची गाठ दीड सेंटिमीटरची निघाली. ऑपरेशननंतर झटके थांबले. रात्री झोपायची भीती मात्र चार महिने गेली नाही. त्यासाठी ती आमच्याच ओपीडीत येत राहिली, सासूबाईंना घेऊन.