इंकटेन्स आणि जलरंग एकाच कागदावर लावून बघायचेत? मग बसण्याआधी एवढी तयारी करा

सगळ्यात आधी हे ठरवा की तुम्हाला नक्की काय बघायचंय. "यातलं भारी कुठलं" एवढाच प्रश्न घेऊन बसलात तर दोन तास रंगाचे चौकोन भरत बसाल आणि शेवटी जास्त भडक दिसेल तो जिंकेल, म्हणजे इंकटेन्सच, कारण ते दिसायला भडकच असतं. डर्वेंट कंपनीच्या इंकटेन्स पेन्सिली, ब्लॉक आणि पॅनमधले (छोट्या डबीतल्या वड्या) पाण्यात विरघळणारे, शाईसारखे रंग एका बाजूला, नेहमीचे जलरंग दुसऱ्या बाजूला, आणि यांच्यातला खरा फरक कळतो तो वाळल्यावर. जलरंगात रंगाचे कण डिंकाने कागदाला धरून ठेवलेले असतात, हा डिंक म्हणजे गम अरेबिक, आणि डिंक पाण्यात परत विरघळतो, म्हणून वाळलेल्या वॉशवर, म्हणजे पाण्याने पसरलेल्या पातळ थरावर, ओला ब्रश घासला की रंग पुन्हा हलायला लागतो. इंकटेन्स एकदा पूर्ण विरघळून वाळलं की बसलं, वरून पाणी फिरवा नाहीतर दुसरा रंग फिरवा, खालचा थर जवळजवळ जागेवरच राहतो. सगळी तयारी या एका फरकाभोवती करायची.

कागद दोन्हीला एकच. हे सांगायची गरज नाही असं वाटेल, पण पेन्सिली स्केचबुकात आणि जलरंग चांगल्या कागदावर असं करून मग मतं मांडणारे खूप दिसतात. ३०० जीएसएमचा (हे कागदाचं वजन, म्हणजे जाड कागद) कोल्ड प्रेस, म्हणजे थोडा खरखरीत, घ्या, शक्यतो कॉटनचा, आणि एकाच तावातून पट्ट्या कापा. सोबत लाकडाच्या लगद्याच्या साध्या जलरंग कागदाची एखादी पट्टी असू द्या, कारण रंग उचलला जातो की नाही हे निम्मं कागदावर अवलंबून असतं, लगद्याच्या कागदावरून जलरंग सहसा पटकन उठतो आणि कॉटनमध्ये आत मुरतो. एकाच कागदावर बघून "जलरंग पुसला जातो" किंवा "नाही जात" म्हणणं अर्धवट आहे. पट्ट्या बोर्डावर मास्किंग टेपने चिकटवा, चारही बाजूंनी, आणि प्रत्येकीच्या कडेला पेन्सिलने नाव आधीच लिहून ठेवा. वाळल्यावर दोन निळे शेजारी शेजारी बघून कुठला कोणाचा हे आठवत नाही, खरंच नाही.

आता रंग निवडायचे, आणि इथे वेळ घालवा, कारण सगळा घोळ इथेच होतो. जलरंगाच्या ट्यूबवर पिगमेंटचा, म्हणजे रंगद्रव्याचा, कोड असतो, म्हणजे अल्ट्रामरीनवर पीबी २९, थॅलो ब्लूवर पीबी १५, बर्न्ट सिएन्नावर बऱ्याचदा पीबीआर ७. इंकटेन्सवर असलं काही छापलेलं नसतं, तिथे सन यलो, पॉपी रेड, सी ब्लू, टील ग्रीन, बार्क अशी नावं असतात, त्यामुळे कोड बघून जोड्या लावता येत नाहीत, डोळ्यांनीच लावाव्या लागतात. तेही पेन्सिलीच्या टोकाकडे बघून नाही. इंकटेन्सचं कोरडं टोक आणि कोरडी रेघ बऱ्याचदा मळकट दिसते आणि पाणी लागलं की एकदम वेगळाच रंग बाहेर येतो, काही गडद रंग तर कोरडे असताना एकमेकांपासून ओळखू येत नाहीत. तर आधी सगळ्या रंगांचा एक तक्ता, अर्धा चौकोन कोरडा आणि अर्धा ओला, आणि मग ओल्या भागावरून जोड्या. पाच जोड्या पुरतात. पिवळा, लाल, गुलाबी, निळा, तपकिरी. ७२ रंगांचा मोठा डबा आणलाय म्हणून ७२ चौकोन तुलना करायची काही गरज नाही.

निळे मात्र जलरंगात दोन घ्या, अल्ट्रामरीन आणि थॅलो. हा मुद्दा लोक सोडून देतात आणि मग निष्कर्ष चुकतो. जलरंग परत भिजतो हे खरं, पण सगळे सारखे उठत नाहीत. अल्ट्रामरीन ओल्या ब्रशने बऱ्यापैकी उचलता येतो, थॅलो कागदाला असा डागतो की घासूनही मागे निळं राहतंच. म्हणजे तुलना फक्त थॅलोशी केलीत तर वाटेल इंकटेन्समध्ये विशेष काय आहे, आणि फक्त अल्ट्रामरीनशी केलीत तर वाटेल जलरंग म्हणजे टिकतच नाही. दोन्ही शेजारी असले की कळतं की जलरंगात उचलता येणारे आणि डागणारे असे दोन्ही मिळतात आणि कुठे कुठला वापरायचा ते तुम्ही ठरवता, इंकटेन्समध्ये ती निवड राहत नाही. शिवाय अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खड्ड्यांत बसून जे दाणेदार पोत देतात, ज्याला ग्रॅन्युलेशन म्हणतात, ते इंकटेन्समध्ये शोधू नका, तिथे वॉश बहुतेक सपाट आणि एकसारखा येतो. काहींना तेच हवं असतं. मला आकाशासाठी नको असतं, पानाफुलांना चालतं.

पेन्सिलींची तयारी म्हणजे फक्त टोक काढणं नव्हे. टोक काढा, पण तक्त्यासाठी बाजूने घासून सलग थर द्या, आणि एक चौकोन मुद्दाम जोरात दाबून भरा. कारण पूर्ण विरघळलं नाही तर पक्कं होत नाही. कागदाच्या खड्ड्यात जे कोरडे कण राहिले, ज्यांना पाणी पोचलंच नाही, ते पुढच्या वॉशला भिजतात आणि पसरतात, आणि मग लोक म्हणतात की हे कसलं पर्मनंट. दाबून भरलेल्या चौकोनावर एकदाच हलका ब्रश फिरवा, शेजारच्यावर भरपूर पाण्याने दोन-तीनदा फिरवून रेघा दिसेनाशा होईपर्यंत विरघळवा, दोन्ही वाळू द्या आणि मग ओल्या पांढऱ्या टिशूने दाबून बघा. टिशूवर काय येतं ते बघितलं की पुढचं समजावून सांगायला लागत नाही. आणि हो, डब्यात आउटलाइनर नावाची एक काळपट पेन्सिल असते, ती पाण्यात विरघळत नाही, ती बाह्यरेषेसाठी आहे, तिला तक्त्यात घेऊन "ही खराब निघाली" म्हणू नका.

ब्लॉक म्हणजे लाकूड काढून टाकलेलं तेच द्रव्य, खडूसारखा चौकोनी तुकडा, आणि त्याची तयारी वेगळी. हात कोरडे हवेत. ओल्या बोटांनी धरला की बोटं रंगतात आणि तीच बोटं मग कागदाच्या पांढऱ्या भागावर लागतात, आणि तो डाग जलरंगासारखा स्पंजने उचलता येत नाही. शेजारी कोरडं फडकं ठेवा. एक छोटं कटर किंवा बारीक सँडपेपर ठेवा, ब्लॉक खरवडून भुकटी पॅलेटमध्ये पाडायची, पाणी घालायचं आणि ब्रशने लावायचं, जलरंगाशी बरोबरीची तुलना करायची तर हीच पद्धत सगळ्यात न्याय्य, कारण दोन्हीकडे द्रव रंग आणि दोन्हीकडे ब्रश. त्याशिवाय आडवा घासून, ओल्या कागदावर थेट ओढून आणि ओल्या कागदावर भुकटी पाडून असे तीन चौकोन करा, पण हे तुलनेसाठी नाहीत, जलरंगाला हे जमतच नाही एवढं बघण्यासाठी आहेत. ओल्या कागदावर ओढलेली रेघ इतकी गडद येते की पहिल्यांदा दचकायला होतं, आणि ती नंतर फिकी करता येत नाही.

इंकटेन्सच्या पॅनबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, ते जलरंगाच्या पॅनसारखेच वापरायचे, पाणी टाकून दोन मिनिटं मऊ होऊ द्यायचे. पॅनमधला जाड थर परत भिजतो, कागदावर पातळ पसरून वाळलेला भिजत नाही, एवढं लक्षात असलं की पुरे. पॅलेटवर मात्र जेवढं लागेल तेवढंच मिसळा. जलरंग पॅलेटवर वाळला तरी दुसऱ्या दिवशी पाणी टाकून वापरतो आपण, त्या सवयीने इथे मोठमोठी डबकी करून ठेवू नका. पॅलेट पांढऱ्या चिनी मातीचं असेल तर बरं, प्लास्टिकवर डाग राहतात.

पाणी दोन भांड्यांत, एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ. आणि तुलनेच्या दिवशी तिसरंही ठेवा, फक्त इंकटेन्ससाठी, कारण थोडंसं गडद निळं पाणी जलरंगाच्या पिवळ्यात गेलं की तो पिवळा संपला. ब्रश दोन्हीकडे एकाच जातीचे आणि एकाच मापाचे, गोल ८ नंबर आणि एक सपाट. महागडा सेबलचा, म्हणजे प्राण्याच्या केसांचा, ब्रश या प्रयोगात नकोच, सिंथेटिक घ्या. एक स्प्रे बाटली जवळ असावी, कारण इंकटेन्सची कड वाळली की ती कड कायमची, मऊ करायची तर ओली असतानाच करावी लागते. जलरंगात नंतर ओल्या ब्रशने कड थोडी विरघळवता येते, इथे ती सोय नाही आणि ज्यांना वर्षानुवर्षं त्या सोयीची सवय आहे त्यांना हे सगळ्यात जास्त खटकतं.

पट्ट्यांवर काय काय करायचं ते कागदावर आधीच आखून ठेवा, नाहीतर रंगवताना उत्साहात विसरतं. एक सलग वॉश. एक गडदपासून फिका होत जाणारा. एक ओल्यावर ओलं, म्हणजे ओल्या कागदावर ओला रंग. एक उचलण्याची चाचणी, म्हणजे पूर्ण वाळलेल्या पट्ट्यावर ओला सपाट ब्रश ठराविक वेळा घासून टिशूने टिपायचं, दोन्हीकडे तितकेच वेळा, नाहीतर नकळत आवडत्या बाजूला हात हलका पडतो. आणि सगळ्यात महत्त्वाची थरांची चाचणी. खाली पिवळा, पूर्ण वाळू द्यायचा, मग वरून निळ्याची पट्टी, मग तीही वाळल्यावर आडवी लाल पट्टी. जलरंगात हलक्या हाताने, एकदाच ब्रश फिरवलात तर थर छान बसतात, पण दोन-चारदा फिरवलं की खालचा पिवळा ढवळून निघतो आणि चिखल होतो. इंकटेन्सवर कितीही थर चढवा, प्रत्येक थर स्वच्छ राहतो, काचेवर काच ठेवल्यासारखा. ज्यांना थरावर थर देऊन काम करायचंय त्यांच्यासाठी हे घेण्याचं सगळ्यात पक्कं कारण आहे माझ्या मते, भडकपणा वगैरे नंतर. उलट ज्यांचं निम्मं चित्र उचलून आणि पुसून होतं, ढग, धुकं, पाण्यावरचा उजेड, त्यांनी जलरंग सोडू नये.

वाळायला वेळ द्या. "पूर्ण वाळलेलं" म्हणजे हाताच्या मागच्या बाजूला कागद गार लागायचा बंद होईपर्यंत थांबायचं. ड्रायर चालतो, पण मग दोन्हीकडे ड्रायर. जलरंग वाळल्यावर फिका होतो हे माहीत असतंच, त्यामुळे ओला असताना फोटो काढून मत बनवू नका.

उजेडाची चाचणी लोक टाळतात कारण तिला महिने लागतात, पण ज्यांना चित्र फ्रेम करून लावायचंय त्यांनी करावीच. प्रत्येक रंगाची एक पट्टी करा, मधून उभी कापा, एक अर्धा भाग उन्हाच्या खिडकीत आणि दुसरा जाड पुस्तकात, दोन्हींच्या मागे तारीख. डर्वेंट आपल्या रंगांना ब्लू वूल या, रंग उजेडात किती टिकतो ते सांगणाऱ्या, मोजपट्टीवरचे आकडे देतं, १ ते ८, ८ म्हणजे सगळ्यात टिकाऊ, आणि जलरंगाच्या ट्यूबवर बऱ्याचदा एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या पद्धतीचे रोमन आकडे असतात जिथे पहिला सगळ्यात चांगला, म्हणजे दोन्ही मोजपट्ट्या एकमेकींच्या उलट चालतात आणि घाईत वाचलं की गोंधळ होतो. इंकटेन्समधले सगळे रंग सारखे टिकाऊ नाहीत, आकडे बघूनच घ्या, विशेषतः गुलाबी-जांभळ्या बाजूचे. इथे एक गैरसमज फार पसरलाय, पाण्याने निघत नाही म्हणजे उन्हानेही उडत नाही असा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि जलरंगही काही साधू नाहीत, जुना अलिझरीन क्रिम्सन, पीआर ८३, उन्हात उडतो हे प्रसिद्धच आहे, आणि ऑपेरा पिंकची ती फ्लुरोसंट चमकही टिकत नाही.

कापडावर करून बघायचं असेल तर धुतलेल्या सुती कापडाचा एक तुकडा बाजूला ठेवा, ब्लॉक तिथे मस्त चालतो, रंग पक्का बसायला टेक्सटाइल मीडियम वापरतात. तिथे जलरंगाशी तुलना नको, डिंक पाण्याने निघून जातो, संपला विषय.

उठायच्या आधी ब्रश लगेच साबणाने धुवा, इंकटेन्सवाले आधी, कारण केसांच्या मुळाशी वाळलेलं नंतर निघत नाही. पेन्सिली पाण्यात बुडवून वापरल्या असतील तर ओली टोकं तशीच डब्यात बंद करू नका, आडव्या ठेवून वाळू द्या, आणि ब्लॉक परत ठेवताना एकमेकांना घासलेले तुकडे कोरड्या फडक्याने पुसा, नाहीतर पुढच्या वेळी पिवळ्याच्या पहिल्याच रेघेत हिरवं निघतं.