मिसो सूप बिघडतं कुठे? या चुका टाळा

‘मिसो सूपला चवच येत नाही’ म्हणणाऱ्यांना मी आधी एकच विचारते: मिसो (सोयाबीन आंबवून केलेली खारट पेस्ट) कधी घातलात? उत्तर बहुतेक वेळा तेच येतं. सुरुवातीलाच, पाण्याबरोबर.

टोकियोत निशी-कासाईला एका मैत्रिणीकडे जेवायला गेले होते. मुळा शिजायला टाकतानाच तिनं मिसो घातला होता आणि पातेलं आमटीसारखं खळखळत होतं. सुवास सगळा घरभर, वाटीत नुसता खारटपणा. चव वाढावी म्हणून तिनं आणखी दोन चमचे मिसो ढकलला. मिसोत साधारण १२ टक्के मीठ असतं, त्यामुळे सूप तोंडात धरवेना. शेवटी नव्यानं दाशी, म्हणजे जपानी सूपचं मूळ पाणी, काढली, मुळा त्यात मऊ शिजवला, तोफू घातला आणि गॅस बंद केला. मग डावात थोडी दाशी घेऊन तिच्यात मिसो चॉपस्टिकनं कालवला, गुठळी मोडली आणि पातेल्यात सोडला. माणशी एक वाटी दाशीला एक सपाट टेबलस्पून पुरतो. मिसोचा डबा तोच होता, पण वाटी तोंडाजवळ नेताच सुवास आला.

दुसरी चूक म्हणजे साध्या पाण्यात सूप करणं. दाशीशिवाय मिसो सूप होत नाही, यावर मी तडजोड करत नाही. लिटरभर पाण्यात १० ग्रॅम कोम्बू (सुकवलेलं समुद्री शेवाळ) अर्धा तास भिजवा, मंद आचेवर ठेवा आणि तळाशी बुडबुडे दिसू लागले की काढून घ्या. खळखळून उकळलात तर चिकटपणा आणि उग्र वास उतरतो. कोम्बूवरची पांढरी पूड धुऊ नका, तीही चवीचीच आहे. १९०८ साली जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी ग्लुटामेट, म्हणजे उमामी चव देणारा घटक, वेगळं काढलं ते याच कोम्बूतून. मग पाण्याला उकळी आणून गॅस बंद करा, २० ग्रॅम कात्सुओबुशी (सुकवलेल्या माशाचे पातळ काप) टाका, ती तळाशी बसली की गाळा. पिळू नका.

दाशीची तयार पूड घाईच्या दिवशी चालेल, पण बहुतेक पुड्यांत मीठ असतं, तेव्हा मिसो कमी घाला. खरी दाशी एकदाही न काढता थेट पुडीवर जाणं मला पटत नाही. कशाची चव आणायची आहे हेच मग कळत नाही. आणि शाकाहारी मंडळींनो, सूपमध्ये मासा दिसत नसला तरी दाशीत बहुधा असतोच. घरी कोम्बू आणि सुके शिताके मशरूम गार पाण्यात रात्रभर भिजवा.

सूपबरोबरच्या पदार्थांतही अशाच चुका होतात.

भात: धुऊन अर्धा तास भिजवा, आणि शिजल्यावर १० मिनिटं झाकण उघडू नका. ही १० मिनिटं कुणालाच धरवत नाहीत.

तामागोयाकी (थर गुंडाळत केलेलं जपानी ऑम्लेट): प्रत्येक थराआधी तव्याला तेल पुसा.

निकुजागा (मांस-बटाट्याचा जपानी रस्सा): साखर आधी, सोया सॉस नंतर. सारखं ढवळलंत तर बटाटा फुटतो. गॅस बंद करून निवू द्या, मुरतो तो निवतानाच.