लिफ्ट ॲक्सलचे बुश बदलण्याआधी: तयारीची यादी

गेल्या वेळी बाकी सगळं नीट झालं होतं, एक माप घ्यायचं तेवढं राहिलं. चार महिन्यांत गाडी परत आली, दोन्ही बाजूंचे नवे बुश (ॲक्सल धरणाऱ्या आर्मच्या सांध्यातल्या रबर भरलेल्या नळ्या) फाटलेले. म्हणून यादीतलं पहिलं वाक्य हेच: पाना हातात घेण्याआधी राइड हाइट (भरलेल्या गाडीत ॲक्सल ते चेसिसचं उभं अंतर) ठरवा, ती चेसिसवर रंगाने लिहा आणि त्या मापावरून दोन गुटके (ठोकळे) कापून ठेवा. बाकीची यादी वाचायला वेळ नसेल तर एवढं तरी करा.

ही यादी बारा टायरच्या ट्रकसाठी आहे, ज्याचा ड्राइव्ह ॲक्सल पाट्यांवर आणि लिफ्ट ॲक्सल (गरज नसताना वर उचलता येणारा) ट्रेलिंग आर्म (चेसिसला सांध्याने जोडलेले दांडे) व हवेच्या फुग्यांवर असतो. ट्रेलरच्या एअर सस्पेन्शनलाही यातलं बहुतेक लागू पडतं.

सामान गाडी येण्याआधी हाताशी हवं. एका ॲक्सलला पिव्हट बुश दोन, पिव्हट बोल्ट आणि नट दोन-दोन, हँगर (चेसिसला लावलेला, आर्म धरणारा कंस) आणि आर्म यांच्यामध्ये बसणारे थ्रस्ट वॉशर चार, यू-बोल्ट चार, त्यांचे नट आठ. बोल्ट, नट आणि यू-बोल्ट नवेच घ्या. जुना यू-बोल्ट दिसायला चांगला असला तरी एकदा ताणला गेलेला असतो, त्याचे आटे दुसऱ्यांदा तसा ताण धरत नाहीत. शॉकअपचे बुश तपासून ठरवा. फुगे बदलायचे नसले तरी एक जादा आणून ठेवा, कारण गाडी उचलली की जुन्या फुग्याची भेग उघडी पडते. बुश मागवताना नुसतं गाडीचं मॉडेल सांगू नका. सस्पेन्शन कुणाचं आहे हे आर्म किंवा हँगरवरच्या प्लेटवर असतं. ती प्लेट चिखलाखाली असते, ब्रशने घासा आणि फोटो काढा. एकाच मॉडेलच्या ट्रकवर दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे लिफ्ट ॲक्सल येतात आणि बुशच्या बाहेरच्या व्यासात एक-दोन मिलिमीटरचा फरक असला तरी प्रेसवर उभं राहिल्यावरच कळतं.

जॅक, घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड), चाकांचे ठोकळे हे सांगायला नको. टॉर्क पान्याचं (ठरलेल्या जोरापर्यंतच आवळणारा पाना) मात्र सांगावं लागतं. पिव्हट बोल्ट एम ३० असेल तर काही कंपन्यांच्या पुस्तकात ९०० न्यूटन-मीटरच्या आसपासचा आकडा असतो. म्हणजे एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला ९० किलोहून जास्त भार. गॅरेजमधला नेहमीचा टॉर्क पाना तिथे पोहोचत नाही. मोठा पाना किंवा टॉर्क मल्टिप्लायर (हाताचा जोर वाढवून देणारं साधन) आदल्या दिवशीच आणून ठेवा. नेमका आकडा तुमच्या सस्पेन्शनच्या पुस्तकातून घ्या, आणि तो कोरड्या आट्यांसाठी आहे की तेल लावलेल्या हेही बघा. कोरड्याचा आकडा तेल लावलेल्या बोल्टवर वापरला तर बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो.

आता राइड हाइट. हिच्यासाठी घाई करू नका. राइड हाइट म्हणजे ॲक्सलच्या मध्यापासून चेसिसच्या खालच्या कडेपर्यंतचं उभं अंतर, ॲक्सल खाली टेकलेला आणि गाडी भरलेली असताना. इथे एक फसगत होते. लिफ्ट ॲक्सलला बहुधा स्वतःचा लेव्हलिंग व्हॉल्व्ह (उंची आपोआप राखणारा) नसतो. चेसिस किती उंच राहणार हे शेजारच्या ड्राइव्ह ॲक्सलचे पाटे ठरवतात. गाडी रिकामी असली की पाटे उठलेले असतात, चेसिस वर असते, आणि त्या वेळी घेतलेलं माप चुकीचं निघतं. गॅरेजमध्ये गाडी रिकामीच येते. म्हणून शक्य असेल तर माल उतरवण्याआधी सपाट जागेवर मोजून घ्या, नाहीतर पुस्तकातलं माप धरा. रिकाम्या गाडीचं मापही लिहून ठेवा, पण ते फक्त डावी-उजवी बाजू ताडून बघण्यासाठी.

ॲक्सलच्या मध्यावर टेप धरता येत नाही, म्हणून नळीच्या वरच्या कडेपासून मोजा. समजा पुस्तकात राइड हाइट ३५० मिमी आहे आणि ॲक्सलची गोल नळी १२७ मिमी व्यासाची. नळीचा अर्धा व्यास ६३.५. ३५० मधून ६३.५ गेले, राहिले २८६.५. तुमचा गुटका २८६.५ मिमीचा. दोन कापा, डावीकडे एक, उजवीकडे एक. जाड पाइपचा तुकडा उत्तम. लाकूड वापरायचं तर कडक आणि सुकलेलं घ्या, ओलं लाकूड दाबलं की दोन-तीन मिलिमीटर आत जातं. गुटक्यावर माप लिहा, चेसिसवरही लिहा.

हे एवढं कशासाठी? या बुशमध्ये घासत फिरणारं काही नसतं. बोल्ट आवळला की बुशची आतली नळी हँगरच्या दोन पत्र्यांमध्ये घट्ट पकडली जाते. बाहेरची नळी आर्मच्या डोळ्यात (टोकाच्या गोल भोकात) दाबून बसवलेली असते. आर्म वर-खाली होतो तेव्हा या दोघींमधलं रबर पिळलं जातं, आणि पीळ सुटला की परत येतं. बोल्ट ज्या स्थितीत आवळला ती त्या रबराची शून्य स्थिती. ॲक्सल लोंबकळत असताना आवळलात तर गाडी भरल्या क्षणापासून रबर पिळलेलंच राहतं, खड्ड्यात आणखी पिळलं जातं आणि ॲक्सल उचलला की त्याहूनही जास्त. साध्या ट्रेलरवर अशी चूक काही काळ खपते. लिफ्ट ॲक्सलवर नाही खपत, कारण ॲक्सल उचलला जाताना आर्म बराच मोठा कोन फिरतो. आवळणी योग्य उंचीला असेल तरच खालचा आणि वरचा पीळ बुशला झेपतो. नाहीतर सगळा पीळ एकाच दिशेला पडतो आणि रबर नळीपासून सुटायला लागतं. फाटलेला बुश बाहेर काढून बघा: रबराची भेग गोल फिरत गेलेली दिसते, कडेला काळी भुकटी असते. तो बुश वाईट नव्हता, चुकीच्या उंचीला आवळला होता. सुट्या भागांच्या दुकानाशी भांडून उपयोग नाही.

गुटका झाला. आता हवा. उघडण्याआधी भाराच्या फुग्यांचा (हे ॲक्सल खाली रेटतात, लिफ्टचे फुगे तो उचलतात) दाब गेजवर बघून लिहा, आणि रेग्युलेटरच्या गुंडीला हात लावू नका. हा दाब ठरवतो की माल दोन ॲक्सलवर कसा वाटला जाणार. दाब जास्त ठेवला तर लिफ्ट ॲक्सल ड्राइव्ह ॲक्सलचा भार काढून घेतो आणि पावसाळ्यात घाट चढताना ड्राइव्हची चाकं जागेवर फिरतात. कमी ठेवला तर सगळा भार ड्राइव्हवर येतो. चार टायरच्या एका ॲक्सलची कायदेशीर मर्यादा २०१८ साली १०.२ टनांवरून ११.५ टन झाली, पण ती वाढली म्हणून चुकीच्या दाबाला जागा मिळाली असं समजू नका. वजनकाट्यावर एकूण वजन बरोबर येतं आणि एक ॲक्सल तरी जास्त भरतो, त्यामागे कितीदा ही गुंडीच असते.

मग सुरक्षितता, आणि इथे कुणाचंही ऐकायचं नाही. लिफ्ट ॲक्सल नुसत्या हवेवर वर धरलेला असेल तर त्याच्याखाली कुणीही जायचं नाही. हवा गळाली, कुणी केबिनमध्ये चढून स्विच दाबला, की चाकांसकट ॲक्सल खाली येतो. आधी ॲक्सल खाली टेकवा, ड्राइव्ह ॲक्सलच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा, चेसिस उचलून घोड्यांवर ठेवा, लिफ्टच्या आणि भाराच्या दोन्ही फुग्यांमधली हवा पूर्ण सोडा, बॅटरीची केबल काढा. मगच चाकं. गुटका ही घोडी नव्हे. तो मापासाठी आहे, माणसाच्या डोक्यावरचं वजन धरण्यासाठी नाही.

शॉकअप काढल्यावर फुग्यात हवा भरू नका. ॲक्सल खाली किती लोंबकळू शकतो हे शॉकअपच अडवतात. ते नसले तर फुगा ओढला जातो, पिस्टनवरून (फुग्याखालच्या बैठकीवरून) निसटतो किंवा फाटतो. सुटा फुगा बाकावर ठेवून हवेने तपासणं तर कधीच नाही, तो उडून लागतो.

खोलण्याआधी खुणा. हँगरवर अलाइनमेंटचा एक्सेंट्रिक वॉशर (फिरवून ॲक्सल सरळ करायचा) असेल तर त्याची जागा पंचने ठोकून ठेवा. खडू चालत नाही, डिझेलने पुसला जातो. हवेचे पाइप रंगीत टेपने ओळखीचे करा. लिफ्टचा आणि भाराचा पाइप अदलाबदल झाला तर ॲक्सल उलटा वागतो, उचलायचा स्विच दाबला की खाली रेटतो. एबीएसची वायर असेल तर सोडवून वर बांधा. ब्रेक चेंबरचा पाइप काढलात तर तोंडाला कापड नव्हे, टोपण लावा.

जुना बुश काढताना गॅसने जाळायचा नाही. गॅरेजमध्ये हे सर्रास चालतं, कारण प्रेसला वेळ लागतो आणि गॅस पाच मिनिटांत काम करतो. पण आर्मचं पोलाद उष्णतेने कमावलेलं असतं. डोळा लाल झाला की त्याची कमाई गेली, आणि पुढे तिथूनच तडा जातो. आर्मवर वेल्डिंगही नाही, अर्थिंगचा चिमटासुद्धा आर्मला लावू नका. आर्म काढून प्रेसवर न्या, नाहीतर गाडीवरच चालणारं हायड्रॉलिक पुलर भाड्याने आणा. त्याची सोय आधीच बघून ठेवा, ऐन वेळी मिळत नाही आणि मग हात गॅसकडेच जातो.

डोळा साफ केल्यावर बोट फिरवून ओरखडे बघा. हँगरचं भोकही बघा: लांबट झालं असेल, कडेला चकाकी आणि तांबूस भुकटी असेल, तर बोल्ट बरेच दिवस ढिला होता. अशा हँगरमध्ये नवा बुश टाकणं म्हणजे पैसे घालवणं. आधी हँगर बदला.

नवा बुश दाबताना ग्रीस नाही, इंजिन ऑइल नाही. तेलाने रबर फुगतं. साबणाचं पाणी पुरतं. काही बुशमध्ये रबरात दोन खाचा असतात, त्या कोणत्या दिशेला हव्यात याचा बाण कडेला असतो. तो आर्मच्या रेषेशी पुस्तकात दाखवल्याप्रमाणे जुळवा. तिरका गेलेला बुश परत काढताना निम्म्या वेळा खराब होतो, म्हणून दाबण्याआधी डोळ्यावर आणि बुशवर रंगाची एकेक रेघ मारून घ्या.

आर्म जागेवर आला, थ्रस्ट वॉशर बसले, बोल्ट घातला. थांबा. नट हाताने लावा, आवळू नका. इम्पॅक्ट गन बाजूला ठेवा, कारण ती हातात असली की नट आपोआप आवळला जातो. ॲक्सलखाली जॅक लावा, दोन्ही गुटके नळी आणि चेसिसच्या मध्ये उभे धरा आणि गुटके चेसिसला घट्ट टेकेपर्यंत ॲक्सल वर घ्या. फुग्यांत हवा नसू द्या. टेपने दोन्ही बाजू पुन्हा मोजा. आता टॉर्क पान्याने पिव्हट बोल्ट आवळा, पूर्ण आकड्यापर्यंत, आणि नटवर रंगाची रेघ मारा. जो आवळेल त्यानेच माप बघायचं, दुसऱ्याने "बरोबर आहे" म्हटलं म्हणून पुढे जायचं नाही. काही कारणाने बोल्ट नंतर सोडावा लागला तर गुटके परत लावायचे. अलाइनमेंटसाठी सोडला तरी. अर्धा फेरा सैल केला तरी.

यू-बोल्ट फुलीच्या क्रमाने, तीन टप्प्यांत.

अलाइनमेंटसाठी ड्राइव्ह ॲक्सलच्या हबच्या मध्यापासून लिफ्ट ॲक्सलच्या हबच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजू मोजा. फरक दीड मिलिमीटरच्या आत बसवा. जास्त ठेवलात तर टायर तिरके झिजतात.

हवेचे पाइप सरळ कापा, हॅकसॉच्या ब्लेडने नाही, कटरने. तिरक्या कापाला फिटिंगची रबरी रिंग धरत नाही. चेसिस खाली घेण्याआधी फुग्यांत थोडी हवा द्या, नाहीतर फुगा चुकीची घडी घेऊन पिस्टनखाली चिमटला जातो. मग पूर्ण दाब, साबणाचं पाणी, सगळे जोड. ॲक्सल पाच वेळा वर-खाली करा, पाइप कुठे घासतो का बघा. दाबाचा आकडा आधी लिहिलेल्याशी जुळवा.

पहिल्या भरलेल्या फेरीनंतर, फार तर हजार किलोमीटरला, यू-बोल्ट आणि पिव्हट पुन्हा टॉर्कने तपासा. ड्रायव्हरला तारीख लिहून द्या, तोंडी सांगितलेलं राहत नाही. पिव्हटवरची रेघ सरकलेली दिसली तर नुसतं आवळू नका. आधी गुटके.