वजन उचलायला सुरुवात करताय? मग आधी वाकायला शिका

आठवड्यातून तीन दिवस, मधे एकेक दिवस सुट्टी, बास. रोज वेगळा स्नायू पकडून सात दिवस जिमला जायचे प्लॅन नवीन माणसाला देऊच नयेत. स्क्वॉट (वजन घेऊन बैठक), डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार, म्हणजे वजनं लावायचा लोखंडी दांडा, वाकून धरून उचलत उभं राहणं), पुशअप, रोइंग (वजन अंगाकडे ओढणं) आणि डोक्यावर वजन नेणं, एवढ्या पाच गोष्टींत सगळं अंग येतं. यातल्या चार तुम्ही महिनाभरात बऱ्यापैकी शिकाल. घोडं अडतं ते डेडलिफ्टला.

मला सगळ्यांनी एकच सांगितलं, पाठ सरळ ठेव. मी ठेवली, म्हणजे मला वाटलं सरळ म्हणजे उभी, त्यामुळे छाती वर, गुडघे पुढे आणि बार दर वेळी गुडघ्यांना अडायचा, मग तो चुकवायला मी बार पुढून फिरवून आणायचे आणि तेवढ्यात कंबर गोल व्हायची. चाळीस किलो काही फार नाही, पण तीन आठवडे हेच केलं आणि एका सकाळी बेसिनवर तोंड धुवायला वाकले ती तिथेच अडकले, दोन्ही हातांनी बेसिन धरून. म्हणून कळकळीने सांगते, सरळ म्हणजे उभी नव्हे. पाठ आडवी झाली तरी चालते, ती मधे मोडता कामा नये. मोडायचं ते खुब्यातून.

हे कळायला भिंत घ्या. भिंतीकडे पाठ करून वीतभर पुढे उभं राहा, गुडघे किंचित सैल, आणि कुल्ले मागे नेऊन भिंतीला टेकवा. खाली बसायचं नाही, मागे जायचं. जमलं की अजून थोडं पुढे सरका आणि परत. बरोबर होत असेल तर मांडीच्या मागे ताण येतो आणि नडगी जवळपास उभीच राहते. ताण कंबरेत आला तर चुकलंय, परत वीतभरावर या.

मग काठी. पाठीवर उभी धरायची, एक हात मानेमागे, एक कंबरेमागे. डोक्याचा मागचा भाग, दोन फऱ्यांच्या मधली जागा आणि माकडहाड, या तिन्ही ठिकाणी ती टेकलेली हवी आणि वाकताना एकही जागा सुटायला नको. माकडहाडाची सुटली की समजायचं, कंबर गोल झाली, तुमची हद्द तिथेच. रोज दहा-पंधरा वेळा, दोन आठवडे. कंटाळा येतो, तरी करा. आरशात तिरकं बघू नका, त्यात मान वळते, बाजूने मोबाईलवर व्हिडिओ काढा.

मगच बार. मोठा बार नुसताच २० किलोचा असतो आणि नेहमीच्या मोठ्या प्लेट, म्हणजे टोकांना लावायच्या वजनाच्या चकत्या, ४५ सेंटीमीटर व्यासाच्या, म्हणजे त्या लावल्यावर बार जमिनीपासून साधारण साडेबावीस सेंटीमीटर वर येतो. रिकामा बार जमिनीवरून उचलायला लावतात ना, ते नवीन माणसाला सगळ्यात अवघड, कारण तितकं खाली जाताना कंबर गोल होतेच! दोन्ही टोकांखाली ठोकळे ठेवून तो तेवढ्या उंचीवर आणा. बार पावलाच्या मध्यावर, पोटात श्वास भरून पोट घट्ट, आणि बार वर ओढण्यापेक्षा पायांनी जमीन खाली दाबतोय असं मनात धरा. बार अंगाला चिकटूनच वर यायला हवा. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर श्वास रोखायच्या आधी डॉक्टरांना विचारा.

बाकी सोपं आहे. प्रत्येक व्यायामाचे तीन सेट, म्हणजे तीन फेऱ्या, एका सेटमध्ये आठ-दहा रेप, म्हणजे तितक्या वेळा उचलणं, आणि दोन सेटच्या मधे दोन-तीन मिनिटं विश्रांती. शेवटी दोन रेप अजून झाले असते असं वाटलं की थांबा. सगळे रेप नीट झाले तर पुढच्या वेळी अडीच किलो वाढवा, नाही झाले तर तेच वजन. सुरुवातीच्या आठवड्यांत ताकद वाढते पण अंग तेवढं भरत नाही, कारण आधी मेंदू आणि नसा शिकतात, तेव्हा आरशाकडे बघून प्लॅन बदलू नका.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग ठणकेल, ते तीन-चार दिवसांत जातं आणि हलकं चालल्याने बरं वाटतं. पण कंबरेत चमक भरली, किंवा पायात मुंग्या आणि बधिरपणा उतरला तर त्याच क्षणी बार खाली ठेवा आणि डॉक्टरांना दाखवल्याशिवाय परत हात लावू नका.