घरच्यांसोबत वॉरगेम: कोणते नियम काढायचे, कोणते ठेवायचे

मिनिएचर वॉरगेम म्हणजे छोट्या मूर्तींचं सैन्य टेबलावर हलवून खेळायची लढाई. तिचं रूलबुक कितीही जाडजूड असलं, तरी त्यातला मोठा भाग हिशेबाचाच असतो: पल्ल्याचे तक्ते, शस्त्रांचे आकडे, फाशाच्या दानात मिळवायचे आणि वजा करायचे अंक. नवख्याचा उत्साह तिथेच मावळतो. म्हणून नियम कमी करताना एकच चाळणी लावावी. या नियमामुळे खेळाडूला काही ठरवावं लागतं का? टेकडी गाठायची की झाडीत दबा धरायचा, पुढे सरकायचं की जागेवरून गोळी झाडायची, असले पेच राहू द्यावेत आणि निव्वळ आकडेमोडीचा नियम खोडावा. बरेच जण नेमकं उलटं करतात. तक्ते तसेच ठेवतात आणि पर्याय कमी करतात. मग उरतो तो नुसता फासे टाकण्याचा खेळ, आणि मुलं दुसऱ्या डावाला बसत नाहीत.

पहिल्या डावासाठी माणशी तीन तुकड्या पुरेत: दोन पायदळाच्या, एक घोडदळाची, प्रत्येकीत ६ सैनिक. दोन्ही बाजू अगदी सारख्या ठेवा, म्हणजे कोणाचं सैन्य भारी यावर वाद होत नाही. टेबल १२० × ९० सें.मी. असावं. १२० सें.मी.च्या लांब कडांना समोरासमोर बसा आणि आपापल्या कडेपासून १५ सें.मी.च्या आत सैन्य मांडा. मधे ६० सें.मी. अंतर उरतं. दोघं एकेकदा पुढे सरकले की ते ३० होतं, आणि दुसऱ्या फेरीत गोळीबार सुरू होतो. अंतर याहून जास्त ठेवलं, तर पहिली पंधरा मिनिटं नुसती सरकासरकीत जातात.

मोजपट्टी बाजूला ठेवा. तिच्याऐवजी जाड पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या कापा, एक १५ सें.मी.ची, एक ३० ची. पायदळ आखूड पट्टीइतकं चालतं आणि लांब पट्टीइतक्या अंतरावर गोळी झाडतं. घोडदळ लांब पट्टीइतकं धावतं, पण गोळी झाडत नाही. एका पाळीत एकच गोष्ट करायची, चाल किंवा गोळीबार. तुकडी कोणत्याही दिशेला फुकट वळू शकते. वळणाच्या कोनांचे नियम सरळ वगळावेत. झाडी आणि भिंत म्हणजे आडोसा, आणि झाडीत घोडदळ शिरत नाही. भूभागाचा नियम एवढाच.

सगळ्यात जास्त वेळ खाते ती गोळीबाराची तीन टप्प्यांची पद्धत: नेम लागला का, जखम झाली का, चिलखताने वाचवलं का. समजा, या तिन्हींसाठी अनुक्रमे ३+ (म्हणजे ३ किंवा जास्त), ४+ आणि ५+ लागतं. म्हणजे नेम लागण्याची शक्यता २/३, जखमेची १/२ आणि चिलखत न वाचवण्याची २/३. गुणाकार २/९. नऊ फासे तीनदा हाताळून सरासरी दोनच सैनिक पडतात. त्याऐवजी एकदाच फासे टाका: उघड्यावर ५ किंवा ६ ला सैनिक पडतो, आडोशामागे फक्त ६ ला. नऊ फाशांत सरासरी तीन आणि दीड असं प्रमाण बसतं. लढाई थोडी लवकर निकाली निघते, आणि नवख्यांच्या डावात तेच हवं असतं. जितके सैनिक उभे, तितके फासे.

या बदलाची एक किंमत आहे. ज्याचे सैनिक पडतात त्याच्या हातात काहीच उरत नाही, आणि लहान मुलांना ते फार लागतं. म्हणून प्रत्येकाला डावाच्या सुरुवातीला तीन टोकन द्या. एक टोकन देऊन आपल्यावर आलेले सगळे फासे समोरच्याला पुन्हा टाकायला लावता येतात. टोकन आता वापरायचं की राखून ठेवायचं, हा पेच चिलखताच्या फाशापेक्षा कितीतरी चांगला आहे.

हातघाईही सोपी ठेवा. चाल करून शत्रूला भिडलात की दोघं एकाच वेळी फासे टाकतात, ४ किंवा जास्त आलं की सैनिक पडतो. चढाई करणाऱ्या घोडदळाला दोन फासे जादा. ज्याचे जास्त सैनिक पडले तो आखूड पट्टीइतका मागे हटतो; बरोबरी झाली तर चढाई करणारा हटतो.

मनोधैर्याचा नियम मात्र कापू नका. तो नसला की प्रत्येक तुकडी शेवटच्या शिपायापर्यंत लढते आणि डाव रेंगाळतो. गोळीबारात सैनिक पडून तुकडीत तीन किंवा कमी उरले की एक फासा टाका आणि त्यात उरलेल्यांची संख्या मिळवा. बेरीज ७ किंवा जास्त आली तर तुकडी टिकली, नाहीतर लांब पट्टीइतकी आपल्या कडेकडे पळाली. तीन उरले तर ४ लागतात, दोन उरले तर ५, एकटा उरला तर ६. तक्ता पाठ करावा लागत नाही. मोठं दान नेहमीच चांगलं, हे तत्त्वही इथे पाळलं जातं. काही ठिकाणी मोठं आणि काही ठिकाणी लहान दान हवं असलं, की नवखे हमखास गोंधळतात.

पाळी ठरवायला एका पिशवीत प्रत्येक तुकडीमागे आपल्या रंगाचं एक वेगळं टोकन टाका. निघेल त्या रंगाचा खेळाडू, या फेरीत न हललेली आपली एक तुकडी खेळवतो. पिशवी रिकामी झाली की फेरी संपली. एका बाजूचं सगळं सैन्य हलेपर्यंत दुसऱ्याने ताटकळत बसण्याचा प्रश्न यामुळे सुटतो. सहा फेऱ्यांचा डाव तासाभरात आटोपतो.

जिंकण्याची अट ‘शत्रूचा नायनाट’ अशी ठेवली, तर सावध खेळाडू कोपऱ्यात दडून बसतात. टेबलाच्या मधल्या रेषेवर तीन जागा ठरवा: पूल, घर, विहीर. शेवटी ज्याच्या ताब्यात दोन, तो जिंकला. शिवाय पहिली नष्ट झालेली तुकडी पुढच्या फेरीत आपल्या कडेवरून पूर्ण सहा सैनिकांनिशी परत येते, एकदाच. या नियमामुळे कोणी अर्ध्या तासात बाद होऊन बघत बसत नाही.

नियम आधी वाचून दाखवू नयेत. एकेक तुकडी घेऊन एक फेरी खेळून दाखवा आणि हातघाई पहिल्यांदा होईल तेव्हाच समजावा. सगळे नियम पोस्टकार्डाच्या एका बाजूला मावले पाहिजेत. न मावणारा नियम काढा. वाद झाला तर सर्वांत अनुभवी माणूस पंच. पटलं नाही तर फासा टाका, ४ किंवा जास्त आलं तर ‘हो’, आणि पुढे चला. खुद्द प्रशिया या जर्मन राज्याच्या सैन्यात, अधिकाऱ्यांच्या सरावासाठी खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळाचे नियम इतके वाढले होते, की १८७६ मध्ये वेर्डी द्यू वेर्नुआ या अधिकाऱ्याने तक्ते आणि फासे बाजूला ठेवून पंचाच्या निर्णयावर युद्धखेळ चालवावा असं मांडलं. घरच्या डावालाही पंचाचा शब्द पुरतो.

सहा-सात वर्षांचं मूल असेल तर त्याला कच्चं लिंबू करून एका कडेला बसवू नका. मोठ्याच्या जोडीला भिडू म्हणून घ्या आणि पिशवीतून टोकन काढायचं काम त्याच्याकडे द्या. रंगवलेल्या मूर्तींची टोकं, भाले आणि तलवारी आधी तुटतात, म्हणून सहा सैनिक पुठ्ठ्याच्या एका ट्रेवर ठेवून ट्रेच सरकवावा. पडलेला सैनिक उचलून बाजूला ठेवताना बेसला, म्हणजे मूर्तीखालच्या तळाला धरायचं, हे आधीच सांगा. ट्रेमध्ये मूर्ती पक्क्या बसाव्यात म्हणून छोटे शक्तिशाली चुंबक वापरायची पद्धत आहे, पण घरात लहान मूल असेल तर ते टाळा. गिळले गेले तर आतड्यात एकमेकांना चिकटून गंभीर इजा करतात.

डाव सवयीचा झाला की एका वेळी एकच नियम परत आणा. सुरुवात तोफेपासून करावी: तीन फासे, दोन लांब पट्ट्यांचा पल्ला, आखूड पट्टीइतकी चाल, आणि घोडदळ भिडलं की तोफ गेली. नियम एका ओळीचा आहे, पण त्यामुळे पायदळाची एक तुकडी तोफेच्या राखणीला ठेवायची की पुलाकडे पाठवायची, हा नवा पेच उभा राहतो.